खुराक तालमीचा, मेहनत तासाभराची

कोल्हापूरच्या पैलवानाचा खुराक हा महाराष्ट्रात कायम कौतुकाचा विषय. घोटून केलेली बदामाची थंडाई, लिटरच्या मापानं दूध, वर तूप आणि मटण. पण गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पहाटे हौद्यातली माती उकरतो, जोर-बैठका मारतो, लढती करतो आणि संध्याकाळी पुन्हा मेहनतीला उभा राहतो. त्याला एवढं अन्न लागतंच.

तोच हिशेब शहरातल्या जिममध्ये लावला जातो, तेव्हा घोटाळा होतो. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर वजनं उचलणाऱ्या पोराला सांगितलं जातं, ‘आधी बल्किंग कर, दाबून खा, कटिंग नंतर बघू.’ चार महिन्यांत शर्ट घट्ट होतो, पण दंडात नाही, पोटावर.

नॉर्वेतल्या ३९ अव्वल खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सगळे ८ ते १२ आठवडे वजनांचा व्यायाम करत होते. एका गटाला आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मुद्दाम जास्त खायला लावलं, दिवसाला साधारण ३६०० कॅलरी. दुसरा गट आपल्या मनानं खात होता, साधारण ३००० कॅलरी. जास्त खाणाऱ्यांची चरबी सरासरी १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत मात्र दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. स्नायू किती वेगानं बांधला जाईल हे व्यायामाचा ताण, झोप, अनुवंश आणि व्यायामाला किती वर्षं झाली यावर ठरतं. त्या वेगाला पुरून उरलेलं अन्न चरबी म्हणून साठतं.

मग किती खायचं? चोवीस वर्षांचा, ६५ किलो वजनाचा, १७० सेंटिमीटर उंचीचा तरुण घेऊ. मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचं सूत्र आजही आहारतज्ज्ञ वापरतात. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, आणि पुरुषासाठी अधिक ५ (स्त्रीसाठी वजा १६१). उत्तर येतं जवळपास १६००. नुसतं पडून राहिलं तरी शरीराला एवढ्या कॅलरी लागतात. बैठं काम आणि आठवड्यातून चार दिवस जिम असेल तर याची दीडपट, म्हणजे २४००. एवढ्यावर वजन जागच्या जागी राहतं. स्नायूंसाठी त्यावर दहा टक्के वाढ पुरते, म्हणजे २४० कॅलरी. म्हशीच्या दुधाचा एक मोठा पेला! सगळ्या ‘बल्किंग’चा जास्तीचा खुराक एवढाच आहे.

खरी उणीव असते ती प्रथिनांची, आणि तिच्याबद्दल घरोघरी फार कमी बोललं जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. वजनं उचलून स्नायू कमावणाऱ्याला साधारण १.६ ग्रॅम. आपल्या तरुणाला दिवसाला १०४ ग्रॅम. पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण यांतून पोट भरतं, हा आकडा गाठला जात नाही. चार अंडी (२४ ग्रॅम), ५० ग्रॅम सोया वडी (२६), अर्धा लिटर दूध (१८), दोन वेळचं घट्ट वरण (१४), भाकऱ्या-पोळ्या (१८) आणि मूठभर फुटाणे (६) एवढं पोटात गेलं की १०६ होतात. अंडी चालत नसतील तर पनीर, दही, मटकीची उसळ वाढवावी. पावडर ही सोय आहे, गरज नाही.

सूत्र फक्त सुरुवात करून देतं, कारण दोघांचं शरीर सारखं नसतं. पुढचा हिशेब वजनकाटा आणि टेप सांगतात. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी वजन करावं आणि आठवड्याची सरासरी काढावी, कारण एका दिवसाचा आकडा पाण्यामुळे आणि मिठामुळेही किलोभर हलतो. ६५ किलोच्या माणसाचं वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढलं तर गाडी रुळावर आहे. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर रोजच्या जेवणात एक पोळी वाढवावी. बेंबीपाशी धरलेला टेप महिन्यात दोन सेंटिमीटर पुढे गेला आणि उचलायची वजनं तिथंच राहिली, तर वाढवलेलं तेवढं कमी करावं. वयात येणाऱ्या मुलांना आणि अगदी हडकुळ्यांना थोडी जास्त मोकळीक द्यायला हरकत नाही. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बाजारातल्या बऱ्याच ‘मास गेनर’ डब्यांत निम्म्याहून अधिक भाग माल्टोडेक्स्ट्रिनचा, म्हणजे झटपट पचणाऱ्या पिठूळ साखरेचा असतो. डबा उचलण्याआधी मागचं लेबल वाचा, आणि त्याच पैशांत वजनकाटा, टेप आणि महिनाभराची सोया वडी घरी आणा.