शेवंतीला अंधार हवा

परदेशी राहणारे आप्तेष्ट शरद ऋतूत हेदरच्या जांभळ्या झुडपांची छायाचित्रे पाठवितात, आणि तशी शोभा आपल्याही अंगणी असावी असे वाटू लागते. परंतु हेदरला आम्लधर्मी माती व थंड, ओलसर हवा लागते. चांदूर रेल्वेकडील काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तीत हेदर तग धरणार नाही. आपल्या अंगणाचे शरदातील फूल म्हणजे शेवंती.

शेवंतीलाही मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून कुंडी भरताना काळ्या मातीत वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे आणि तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावा. जुन्या झाडाच्या बुंध्याशी आलेले फुटवे मुळांसह वेगळे करून जून-जुलैत लावावेत. रोप वीतभर वाढले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या अधिक फुटतात. ऑगस्टअखेरीनंतर मात्र खुडणे थांबवावे.

इतके करूनही काही घरी कार्तिक उलटतो, पाने हिरवीगार असतात, पण कळी दिसत नाही. मग आपण खत वाढवितो. दोष पुष्कळदा खताचा नसून दिव्याचा असतो. रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळी धरते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडला. फुलांचे व्यापारी उत्पादक तर रात्री मुद्दाम दिवे लावून शेवंतीचा बहर बाजाराच्या मागणीपर्यंत लांबवितात. आपल्या दुकानाचा रात्रभर उजळणारा फलक किंवा ओट्यावरचा दिवा नकळत तेच करीत असतो.

यास्तव सप्टेंबरपासून कुंडी अशा जागी ठेवावी, जिथे दिवसा पाच-सहा तास ऊन व रात्री अखंड अंधार मिळेल. मागील परसू त्यास उत्तम. कुंडी हलविणे शक्य नसेल तर निजानीज होण्याची वाट न पाहता दिवा मालवावा. सूर्यास्तापूर्वीच चौविहार करणाऱ्या कुटुंबांना हे अवघड वाटू नये. शिवाय त्या दिव्यावर झेपावून मरणारे असंख्य पतंग व किडेही वाचतील.