लढणारी चुटकी आणि राहिलेले लग्न

घराघरांत ज्यांना ‘कार्टून’ म्हटले जाते, त्या चित्रमालिकांची चर्चा मराठी विभागाच्या संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठ सहकारी विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आपण गोंधळ, चित्रकथी, पोवाडा, आख्यान शिकवतो आणि या प्रकारांतून समाजाची शौर्यकल्पना कशी घडते याची चिकित्सा करतो. परंतु आज आपल्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली शौर्यकथा गोंधळ्याच्या तोंडून ऐकलेली नसते. ती त्याने ढोलकपूरच्या भीमाकडून ऐकलेली असते, आणि मराठवाड्यात बहुधा हिंदीतून. ‘छोटा भीम’ ही मालिका २००८ साली ‘पोगो’ वाहिनीवर सुरू झाली. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या संस्थेची ती निर्मिती, आणि राजीव चिलका हे तिचे जनक. त्या वर्षी सात वर्षांची असलेली मुले आज पंचविशीच्या आसपास आहेत. बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही पिढी ज्या आख्यानावर वाढली, ते आख्यान आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्याला वाङ्मयीन शुचितेखेरीज दुसरे कारण दिसत नाही.

या मालिकेतील चुटकी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नऊ वर्षांच्या भीमाची ही सात वर्षांची मैत्रीण रडूबाई नाही. ती धाडसी आहे, चलाख आहे, संकटाच्या वेळी भीम आणि राजू यांच्या बरोबरीने पुढे होते. एवढ्यावरून अनेकांनी तिला लढाऊ मुलीचे आश्वासक चित्र मानले आहे. लढाऊ स्त्रीचे मूल्यमापन करताना तिच्या हातात शस्त्र आहे की नाही, एवढेच पाहण्याची आपली सवय आहे. ही सवय अपुरी आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. लढाई कोणाची, तिची झळ कोणाच्या देहाला लागते आणि ती केव्हा संपली हे कोण ठरवते, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज शस्त्राचा अर्थ लागत नाही.

प्रथम लाडूंचा विचार करू. भीमाचे बळ लाडवात आहे. शत्रू वरचढ होतो, भीम दमतो, लाडू खातो आणि बाजी उलटते. हा या आख्यानाचा ठरलेला साचा. लाडूंचे दुकान चुटकीच्या आईचे, टुनटुन मौसीचे आहे, आणि ऐन लढाईत तो लाडू भीमापर्यंत पोहोचवण्याचे काम अनेकदा चुटकीचेच असते. म्हणजे शक्तीचा कारखाना एका बाईच्या ताब्यात, शक्तीची ने-आण तिच्या मुलीकडे, आणि शक्तीचा प्रत्यय मात्र भीमाच्या दंडात. पाश्चात्त्य चित्रमालिकांतील पोपय हा खलाशीही पालक खाऊन बळकट होतो. परंतु त्याचा पालकाचा डबा बहुधा त्याच्याच अंगरख्यात असतो. आपल्याकडे तो डबा घरातील स्त्रीच्या हाती देण्यात आला, हे केवळ कथेच्या सोयीसाठी झाले असे मानणे कठीण आहे. चुटकीने लाडू खाल्ला तर तिचे काय होईल, हा प्रश्न या आख्यानाच्या रचनेतच बसत नाही. रांधणाऱ्या हातांनी सर्वांत शेवटी जेवायचे, या घरोघरच्या रीतीचे हे चित्ररूप आहे. मुलांना ते इतके ओळखीचे वाटते की त्यात काही वेगळे आहे असे जाणवतही नाही.

भीमाचे नाव, भूक आणि बळ मालिकेने महाभारतातून उचलले, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. व्यासांच्या भीमाच्या आयुष्यात आलेली पहिली स्त्री हिडिंबा. ती स्वतः बलवान आहे, भावाविरुद्ध जाऊन आपला वर आपण निवडते आणि भीमाला घेऊन आकाशमार्गे हिंडते. ढोलकपूरच्या नित्याच्या मंडळीत तिला जागा नाही. तिथे राजा इंद्रवर्म्याची कन्या इंदुमती आहे, चुटकी आहे आणि डाकिनी आहे. राजकन्या रक्षणासाठी, मैत्रीण साहाय्यासाठी आणि चेटकीण वधासाठी, अशी ही वाटणी. सामर्थ्य पूर्णपणे स्वतःचे असलेली स्त्री येथे फक्त चेटकिणीच्या रूपात येऊ शकते.

मालिकेवर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही, कारण हा साचा तिला आयता मिळाला आहे. जैमिनी अश्वमेधातील प्रमिलेचे आख्यान आठवावे. श्रीधरांनी ते मराठीत घराघरांत नेले. स्त्रीराज्याची ही राणी अर्जुनाचा यज्ञीय अश्व अडवते आणि युद्धात त्याला दाद देत नाही. शस्त्राने ती हरत नाही, म्हणून कथेला दुसरा उपाय शोधावा लागतो. आकाशवाणी होते, अर्जुन तिच्याशी विवाहाचे मान्य करतो आणि राणी हस्तिनापूरची वाट धरते. अश्व सुटतो, यज्ञ पुढे चालू होतो, स्त्रीराज्याचे पुढे काय झाले याची वास्तपुस्त कथा घेत नाही. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०७ साली याच कथेवर नाटक लिहिले तेव्हा त्याला ‘बायकांचे बंड’ हे नाव दिले. राज्याला ‘बंड’ म्हटले की ते मोडणे आपोआपच न्याय्य ठरते. कीचकवधाच्या रूपकातून परकीय सत्तेवर आघात करणाऱ्या नाटककाराला याच वर्षी हे नाव सुचावे, याचा स्वतंत्र अभ्यास कोणीतरी करायला हवा.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला एक मराठी ग्रंथ आहे, आणि योगायोग असा की तोही १९०७ सालीच प्रसिद्ध झाला. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी त्या वर्षी प्रकाशात आणला. वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. त्याने पाहिलेली लक्ष्मीबाई कोणत्याही साच्यात बसत नाही. तिचा मल्लखांब आहे, घोड्यावरची रपेट आहे. म्हणजे लढाईपूर्वीची मेहनत आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटते ती पठाणी वेशातली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली बाई. ब्राह्मण पाणी काढून देऊ लागला तर ती त्याला थांबवते आणि स्वतः ओढून पिते. गोडसे हा कोणी स्त्रीमुक्तीचा पुरस्कर्ता नव्हता; दक्षिणेच्या हिशेबात गुंतलेला, जीव मुठीत धरून चाललेला हा माणूस. तथापि त्याने पाहिले ते लिहिले, आणि म्हणून त्याच्या लेखनात लढाईची झळ बाईच्या देहाला लागलेली दिसते. हात दोराला लावल्याखेरीज पाणी मिळत नाही, ही गोष्ट तिथे आहे. चुटकी अशी तहानलेली कधी दिसेल? तिचे गाल भाग सुरू होताना जेवढे लाल असतात तेवढेच संपताना असतात. कोणी म्हणेल की भीमाच्याही अंगावर घामाची खूण उरत नाही, सगळीच चित्रे निर्मळ असतात. खरे आहे. परंतु भीमाचे दमणे कथेला आवश्यक असते, कारण त्याखेरीज लाडू येत नाही. चुटकीच्या दमण्यावाचून कथेचे काही अडत नाही.

पुढे हीच लक्ष्मीबाई आपल्या भाषेत एक विशेषनाम न राहता पदवी झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध शस्त्र हाती घेणाऱ्या बदनापूर भागातील दगडाबाई शेळके यांचा उल्लेख ‘मराठवाड्याची झाशीची राणी’ असा केला जातो. गौरवाचा हेतू निर्विवाद आहे. पण मराठवाड्यातील शेतकरी बाईच्या शौर्याला दगडाबाई हे तिचे स्वतःचे नाव पुरेसे का पडू नये?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे लढाई केव्हा संपली हे कोण ठरवते याकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीच्या काळात समाजमाध्यमांवर एक वावटळ उठली. भीमाने चुटकीला सोडून राजकन्या इंदुमतीशी लग्न केले अशी समजूत पसरली आणि चुटकीला न्याय मिळावा म्हणून हजारो प्रेक्षक लिहू लागले. अखेर ही पात्रे अद्याप लहान मुले आहेत, कोणाचेही लग्न झालेले नाही, असा खुलासा निर्मात्यांना करावा लागला. बऱ्याच जणांनी हा सारा प्रकार थट्टेवारी नेला, आणि त्यात थट्टा होतीही. पण बारा वर्षे संकटांशी झुंजलेल्या मुलीला न्याय द्यायचा म्हणजे काय द्यायचे, यावर प्रेक्षकांचे एकमत झाले होते: नवरा. तिच्या नावाने स्वतंत्र साहसकथा हवी, एखादा लाडू तिच्याही वाट्याला यावा, अशी मागणी त्या गदारोळात उठली नाही. चार वर्षांच्या राजूच्या नावाने मात्र ‘मायटी राजू’ ही मालिका केव्हाच निघालेली होती. प्रमिलेच्या कथेचा शेवट या प्रेक्षकांनी न वाचताच पाठ केला होता.

बीड जिल्ह्यात बसून ही थट्टा वाचताना हसू येत नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली नोंदल्या गेल्या. २००१ साली हा आकडा ८९४ होता. ‘छोटा भीम’ पाहत वाढलेल्या मुलांपैकी काही याच ८०७ च्या पिढीतील. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, मागे राहिलेल्या मुलीची काळजी म्हणून तिचे लग्न लवकर उरकतात. शाळेतून नववी-दहावीच्या सुमारास गळणाऱ्या मुलींची कारणे शोधत गेले की अनेकदा मांडवापाशीच पोहोचायला होते. कार्टूनमुळे बालविवाह होतात असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु सात वर्षांच्या मुलीच्या साहसकथेत तिच्या लग्नाचा प्रश्न सर्वांत मोठा वाटावा, हे ज्या समाजात हसण्यावारी जाते त्याच समाजात ते मांडवही पडतात, एवढे तरी नोंदवले पाहिजे.

या जिल्ह्याच्या लोककथेने हाच प्रश्न फार जुन्या काळी हाताळला आहे, म्हणून शेवटी अंबाजोगाईकडे यावे लागते. (आद्यकवी मुकुंदराजांमुळे अभ्यासकांना हे गाव माहीत असते, योगेश्वरीकडे मात्र आपण बहुधा दर्शनापुरते जातो.) देवीविषयी गावात दोन कथा नांदतात. एका कथेत तिने दंतासुराचा वध केला. मार्गशीर्षातील तिचा उत्सव या पराक्रमाशी जोडलेला आहे. दुसऱ्या कथेत कोकणातून आलेल्या योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, वऱ्हाड निघाले, मुहूर्त टळला, कोंबडा आरवला आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले. हत्तीखान्याच्या लेण्यांतील दगडी हत्ती दाखवून आजही ही गोष्ट सांगितली जाते. लग्न राहिले म्हणून देवी इथेच राहिली, कुमारिका म्हणून.

दुसरी कथा सामान्यतः हळहळीच्या सुरात सांगितली जाते, आणि त्या सुरापुरती ती चुटकीच्या चाहत्यांच्या तक्रारीहून वेगळी नाही. परंतु दोन्ही कथा एकत्र ठेवल्या की काही निराळे दिसते. वऱ्हाड दगड झाले, देवी झाली नाही. प्रमिलेच्या कथेत विवाहाने युद्ध संपवले आणि राणीचे राज्य गेले. येथे विवाह टळला आणि दैत्याला मारणारी देवी आपल्या स्थानी, आपल्या शस्त्रानिशी कायम राहिली. परळीच्या वैजनाथाची अर्धांगिनी म्हणून नव्हे, योगेश्वरी म्हणून. लोकमानसाने हळहळ व्यक्त केली तरी तिचे देऊळ परळीला हलवले नाही. हे वाचन फार ओढून-ताणून केलेले आहे असा आक्षेप संभवतो. कथेच्या सर्व पाठांत हाच अर्थ निघेल असा प्रस्तुत लेखिकेचा दावाही नाही. मौखिक कथेचे हेच तर बळ असते की सांगणारी बाई बदलली की हळहळ कोठे ठेवायची हेही बदलते. ढोलकपूरच्या कथेला ही मोकळीक नाही. तिची पात्रे एका संस्थेच्या मालकीची आहेत, त्यांच्या दप्तरांवर, डब्यांवर, बुटांवर छापलेल्या प्रतिमा बदलता येत नाहीत, आणि म्हणून चुटकी २००८ पासून आजतागायत सात वर्षांचीच आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकेत पात्र वाढत नाही, त्यामुळे त्याला दिलेले कामही वाढत नाही.

लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेतील क्षेत्रकार्यासाठी येथे एक सरळ काम उपलब्ध आहे. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या उत्सवाला भोवतालच्या गावांतून बाया येतात. काही आराधिणी असतात, काही उसाच्या फडावर जाण्यापूर्वी किंवा तिथून सवड काढून आलेल्या असतात. राहिलेल्या लग्नाची कथा त्या कशी सांगतात, दंतासुराची आधी सांगतात की नंतर, कोणत्या वाक्यावर थांबतात, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यांच्याबरोबर आलेल्या नातीला चुटकीची एखादी गोष्ट सांगायला लावावी आणि तीही लिहून घ्यावी. भीमाच्या हातात लाडू कसा येतो, हे ती कोणत्या क्रियापदाने सांगते, तेवढे नीट ऐकावे.