घर उबदार ठेवणाऱ्या 15 टक्क्यांचं भांडण काय आहे?

अमेरिकेतली जवळपास निम्मी घरं थंडीत नैसर्गिक वायूवर गरम होतात. त्यासाठी बहुतेक ठिकाणी तळघरात किंवा कपाटात गॅसची फर्नेस असते. घरांसाठीच्या नव्या फर्नेसची कार्यक्षमता किमान 95 टक्के हवी, असा नियम तिथल्या ऊर्जा खात्याने 2023 मध्ये केला आणि अंमलबजावणीसाठी 2028 अखेरची मुदत ठरवली. त्याआधीची किमान अट 80 टक्क्यांची होती. गॅस कंपन्यांच्या संघटनेने या नियमाला कोर्टात आव्हान दिलं.

15 टक्क्यांवरून एवढं भांडण का?

80 टक्के कार्यक्षमता म्हणजे 100 रुपयांच्या गॅसमधले 20 रुपये धुराड्यातून बाहेर जातात. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते आणि एकूण उष्णतेतला साधारण दहावा हिस्सा त्या वाफेतच अडकलेला असतो. नव्या फर्नेसमध्ये हा धूर आणखी थंड करतात. वाफेचं पाणी होतं आणि अडकलेली उष्णता घराला मिळते.

मग अडचण कुठे?

हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं. त्यामुळे न गंजणारा धातू आणि पाणी वाहून नेणारी वेगळी नळी लागते. धूर थंड झाल्याने आपोआप वर चढत नाही, म्हणून पंखा आणि नवा पाइपही लागतो. जुन्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांत हा पाइप कुठून काढायचा, हा खर्चिक प्रश्न आहे. भाड्याच्या घरात तर फर्नेस मालक घेतो आणि बिल भाडेकरू भरतो. स्वस्त फर्नेसचा फायदा एकाला, भुर्दंड दुसऱ्याला.

धुराडंच नसलेले गॅस हीटर जवळपास सगळी उष्णता खोलीत सोडतात. कागदावर ते सर्वात कार्यक्षम. पण जळून उरलेले वायूही खोलीतच राहतात. कॅलिफोर्नियात घरांसाठी त्यांवर बंदी आहे.

महाराष्ट्रात घर तापवायला गॅस लागत नाही. पण बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचा धोका हाच आहे. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंगही नसतो.

म्हणून गॅसचं कोणतंही उपकरण घेताना किती गॅस वाचेल याबरोबर धूर कुठून बाहेर जाणार, हेही विचारायलाच हवं.