वॉलपेपरचा हिशेब: चौरस फूट की पट्ट्या?

दिवाळी किंवा लग्नकार्य जवळ आले की खामगाव, मलकापूर, चिखली येथील व्यापारी कुटुंबांत घराच्या रंगरंगोटीचा विषय निघतो. दिवाणखान्यासाठी किंवा नवदांपत्याच्या खोलीसाठी आता वॉलपेपरचाही विचार होतो. नमुना निवडताना घरातील सर्वांचे मत घेतले जाते. रोल किती घ्यावेत हा प्रश्न मात्र दुकानात उभ्या उभ्या सोडवला जातो. खर्चाचा अंदाज चुकतो तो येथेच.

बाजारात सर्वाधिक आढळणारा रोल ५३ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २१ इंच रुंद आणि १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट लांब असतो. त्याचे क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस फूट भरते. म्हणून बहुतेक जण भिंतींच्या क्षेत्रफळाला ५७ ने भागतात. हा भागाकार बरोबर असला, तरी त्यावरून काढलेली खरेदी पुष्कळदा अपुरी पडते.

याचे कारण कापडाच्या व्यापाऱ्यास वेगळे सांगावे लागू नये. १० मीटरच्या ताग्यातून साडेतीन मीटरचे दोनच तुकडे निघतात. उरलेले तीन मीटर हा तिसरा तुकडा नव्हे, तो कटपीस होय. वॉलपेपरही छतापासून जमिनीपर्यंत अखंड पट्टीने लावला जातो. म्हणून रोलमध्ये किती चौरस फूट आहेत यापेक्षा त्यातून पूर्ण उंचीच्या किती पट्ट्या निघतात, हे पाहावे.

समजा, जुन्या पेठेतील घराची एक खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ११ फूट उंच आहे. चारही भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, क्षेत्रफळ ४८४ चौरस फूट. दार आणि खिडकी यांचे ३७ चौरस फूट वजा केले की ४४७ उरतात. ५७ ने भागता उत्तर येते: ८ रोल.

आता पट्ट्यांचा हिशेब करू. ४४ फूट म्हणजे ५२८ इंच. २१ इंचांच्या २६ पट्ट्या लागतील. वर आणि खाली छाटणीसाठी दोन-दोन इंच धरले, तर प्रत्येक पट्टी ११ फूट ४ इंचांची होते. एका रोलमधून अशा दोनच पट्ट्या निघतात. म्हणजे १३ रोल. दार-खिडकीच्या वरखालचे भाग उरलेल्या तुकड्यांतून भागवले, तरी फार तर दोन पट्ट्या वाचतात आणि आकडा १२ वर येतो. आठ आणि बारा यांतील अंतर किरकोळ नाही.

हीच खोली साडेदहा फूट उंच असती, तर एका रोलमधून तीन पट्ट्या निघून ९ रोल पुरले असते. मात्र हे साध्या, नक्षी न जुळवाव्या लागणाऱ्या कागदाबाबत. मोठ्या नक्षीच्या रोलवर नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते छापलेले असते. हे अंतर ६४ सेंटिमीटर असेल, तर शेजारच्या पट्टीशी फुले जुळवण्यासाठी साडेदहा फुटांच्या भिंतीला ३८४ सेंटिमीटर मोजावे लागतात. मग रोलमागे पुन्हा दोनच पट्ट्या आणि एकूण १३ रोल. एका नमुन्याच्या मोहापायी चार रोल वाढतात, ते असे.

कमी पडलेला रोल नंतर आणता येईल, असे समजू नये. छपाईच्या प्रत्येक बॅचमध्ये रंगाची छटा किंचित बदलते आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यावर तो फरक लपत नाही. म्हणून सर्व रोल एकाच बॅच क्रमांकाचे आहेत, हे लेबलवर तपासून घ्यावे. हिशेबापेक्षा एक रोल अधिक घ्यावा. ही उधळपट्टी नसून तरतूद आहे. पुढे एखादी पट्टी फाटली तर तोच उपयोगी पडतो. न उघडलेले रोल दुकानदार परत घेणार असेल, तर तसे बिलावर लिहून घ्यावे. कारागिराशी मजुरी ठरवताना दर रोलवर आहे की भिंतीच्या चौरस फुटावर, हेही आधीच स्पष्ट करावे.

जुन्या घरांत भिंत ओळंब्यात असतेच असे नाही. उंची तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत मोठा आकडा धरावा. भिंतीला पावसाळ्याची ओल असेल, तर ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. चुन्याची सुटी सफेदीही खरवडून काढावी. अन्यथा अचूक हिशेबाने आणलेला कागदही सुटून येतो.

तात्पर्य, क्रम बदलावा. आधी नमुना आणि मग माप, असे न करता उंची मोजलेला कागद खिशात ठेवूनच दुकानात जावे. कोणती नक्षी परवडते, हे रोलच्या किमतीइतकेच भिंतीच्या उंचीवरही ठरते.