आमचे विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या घरी कागदपत्रे ठेवण्याची जागा एकच. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक. सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, माझी गुणपत्रके, सारे काही तिच्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी गावात शिरले तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांनी घरातून सर्वांत आधी बाहेर काढली ती ही ट्रंक; धान्याची पोती नंतर. कागदाची किंमत निरक्षर माणसाला साक्षरापेक्षा अधिक कळते, हे मी त्या दिवशी पाहिले.

मी कॉलेजात आलो आणि माझे कागद मात्र ट्रंकेत मावेनासे झाले. निबंध, टिपणे, प्रकल्प हे सारे आता संगणकावर. आणि संगणक तर माझ्यापाशी नाही! सकाळी ग्रंथालयातला संगणक, सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी मामेभावाच्या झेरॉक्सच्या दुकानातला, आणि रात्री हातातला मोबाइल. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तशी माझी गत. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची हीच कथा असेल, असे मला वाटते.

पहिल्या सहामाहीत हे बिऱ्हाड मी पेन ड्राइव्हवर वाहिले. तो एकदा एस. टी. त राहिला. तेव्हा कुणीतरी सांगितले की, अमेरिकेत ड्रू ह्यूस्टन नावाचा एक तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने निघाला असता पेन ड्राइव्ह घरी विसरला, आणि त्या वैतागातून २००७ साली ‘ड्रॉपबॉक्स’ जन्माला आले. विसरभोळेपणात मी त्याच्या बरोबरीचा. पुढचे सारे अंतर! असो.

या व्यवस्थेला लोक ‘क्लाउड’ म्हणतात. पण त्यात ढग कुठेच नाही. दूर कुठेतरी एका इमारतीत कंपनीचे मोठमोठे संगणक रात्रंदिवस चालू असतात. आपल्या संगणकावरच्या एका ठरावीक फोल्डरवर त्या कंपनीचा प्रोग्राम नजर ठेवून बसतो. फायलीत काही बदलले की तो बदल इंटरनेटवरून तिकडे जातो, आणि त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या संगणकावर उतरतो. यालाच ‘सिंक’ म्हणजे समक्रमण म्हणतात. ग्रंथालयात अर्धवट सोडलेला निबंध मामेभावाच्या दुकानात जिथल्या तिथे सापडतो. ज्याच्याकडे तीन संगणक आहेत त्याची ही सोय. पण ज्याच्याकडे एकही नाही, त्याची ही गरज आहे. म्हणून मी या व्यवस्थेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

आता माझा प्रमाद सांगतो. प्रथम वर्षाला मराठीच्या प्रकल्पासाठी मी गुऱ्हाळातले शब्द गोळा केले. आमचे आजोबा गुळव्या. काहील, चुलवाण, आदण, चिपाड, काकवी हे शब्द सर्वांना माहीत असतात. पण रस कोणत्या क्षणी कसा दिसतो, फेस कसा फुटतो, पाक बोटाला कसा लागतो, यांसाठी त्यांच्यापाशी कितीतरी वेगवेगळे शब्द होते. चार महिन्यांत २१२ शब्द जमले, अर्थांसह. त्यांतले पहिले साठ वहीत होते. पुढचे मी थेट टंकलिखित केले. वही कशाला? फाईल तर तीन ठिकाणी दिसत होती!

गेल्या मे महिन्यात परीक्षा संपली. मामेभावाच्या संगणकावरून मी माझा फोल्डर पुसून टाकला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला पसारा कशाला, अशी माझी सभ्य समजूत. नंतर सुट्टीभर शेतातच होतो. जूनच्या मध्याला ग्रंथालयात खाते उघडले, तर आत काही नाही. मोबाइलवर पाहिले, तिथेही नाही. मामेभावाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “आरं, हितलं पुसलंस की तिकडलं बी जातंय.” पुसलेल्या फायली कचरापेटीत तीस दिवस राहतात, नंतर कायमच्या जातात. माझे तीस दिवस उलटून गेले होते. दोष यंत्राचा नव्हता. मी जे केले तेच त्याने सगळीकडे इमानेइतबारे केले.

आजोबांकडे पुन्हा गेलो. म्हणाले, “एकदा सांगितलंय न्हवं तुला? लिवून घेतलं हुतंस की.” तरी बिचारे पुन्हा बसले. शंभराच्या वर थोडे शब्द आले. बाकीचे त्यांनाही आठवेनात, आणि मला तर ते कधी पाठ नव्हतेच. जे कागदावर उतरले म्हणून मी डोक्यातून काढून टाकले होते, ते कागदावरही नव्हते आणि डोक्यातही नव्हते.

यावरून माझे मत झाले ते असे : समक्रमण म्हणजे जतन नव्हे. समक्रमण म्हणजे एकाच आरशाची अनेक प्रतिबिंबे. मूळ गेले की सारी प्रतिबिंबे जातात. जतन म्हणजे वेगळी प्रत, वेगळ्या जागी, जिला पहिलीचे काय झाले याचा पत्ताही नसतो. मोबाइलवर तर बहुधा फाईल नसतेच, फक्त तिचे नाव दिसते. मुद्दाम उतरवून घेतली तरच ती तिथे असते. शिवाय एकच फाईल दोन ठिकाणी इंटरनेटविना बदलली, तर दोन प्रती तयार होतात, आणि कोणती खरी हे शोधत बसावे लागते.

मोठ्यांच्याही हातून हे घडते. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी माहिती केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठवल्या जात, ती ‘जी-ड्राइव्ह’ नावाची ८५८ टेराबाइटची सारी व्यवस्था जळाली, आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठेही ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात पुढारलेल्या देशाची ही कथा; मग आमची काय?

कुणी म्हणेल, परक्या कंपनीच्या दारात आपले सामान ठेवावेच कशाला? प्रश्न रास्त आहे. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, पण तीत टपाल, छायाचित्रे आणि फायली सारेच येते. आणि दोन वर्षे खाते वापरले नाही तर ते पुसण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे. ‘सिंकथिंग’ नावाचा एक मुक्त प्रोग्राम आहे. त्यात मधे कंपनी नसते, दोन संगणक एकमेकांशी सरळ बोलतात. परंतु त्यासाठी दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत. ज्याच्याकडे एकही नाही त्याने काय करावे? तेव्हा आम्हांला परक्याचे दार चुकत नाही. निदान त्या दाराची रीत तरी आम्हांला कुणी शिकवावी.

आणि इथेच माझी तक्रार आहे. “हल्लीच्या पोरांना मोबाइलमधले सगळे कळते,” असे आमचे प्राध्यापक प्रेमाने म्हणतात. गुरुजनहो, आम्हांला मोबाइल चालवता येतो. आमचे काम कुठे साठते, ते कळत नाही. ज्यांच्या घरी आधीपासून संगणक आहे, त्यांना हे मोठ्या भावाकडून, वडिलांकडून न शिकवता समजते. आमच्या घरी कुणाला विचारावे? वडिलांना ट्रंक सांभाळता येते, पण ही ट्रंक त्यांच्या हाताची नव्हे.

मागणी फार मोठी नाही. प्रथम वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वर्गाला एक तास यासाठी द्यावा : फाईल कुठे असते, पुसल्यावर काय होते, आणि सार्वजनिक संगणकावरून उठताना खाते बंद कसे करायचे. प्रकल्प स्वीकारताना त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या स्वतंत्र डिस्कवर ठेवावी. खेड्यापाड्यांतून मुले जे गोळा करून आणतात, ते दुसरीकडे कुठेही नोंदलेले नसते.

मित्रहो, तोवर आपणही काही करू या. महत्त्वाची फाईल महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो पेन ड्राइव्ह घरी ठेवा, खिशात नको. माझे उरलेले शब्द आता क्लाउडमध्ये आहेत, पेन ड्राइव्हवर आहेत, आणि छापील कागदावरही आहेत. ते कागद ठेवायला मी ट्रंक खाली काढली तेव्हा आईने विचारले, “हे कसलं कागद?” मी म्हटले, “आजोबांचे.” तिने ते घेतले आणि सातबाऱ्याच्या खाली नीट सरळ करून ठेवले.

— बी. ए. भाग २