व्यसन एकाचे, मंत्रालये चार

विद्यार्थ्यांच्या व्यसनाधीनतेचा प्रश्न राजधानीत चार मंत्रालयांत विखुरला आहे. अमली पदार्थविरोधी कायदा अर्थ खात्याकडे, नियंत्रण विभाग गृह खात्याकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे आणि विद्यापीठे शिक्षण खात्याकडे.

घर सोडून दिल्लीत आलेला तरुण पहिला झुरका अनेकदा एकटेपणापोटी, सोबत्यांत सामावून जाण्यासाठी घेतो. पुढे परीक्षेतील अपयश आणि ते घरी कळविण्याचा संकोच व्यसन घट्ट करतो. त्याने मदत मागावी कोणाकडे? १९८५च्या कायद्याचे कलम २७ सेवनालाही कैद किंवा दंड सांगते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते खरे. पण वसतिगृहात दरारा असतो तो निष्कासनाच्या नियमांचा, या कलमाची वार्ताही तेथे क्वचितच पोहोचते. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीसांपैकी एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात, असे 'एम्स'च्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले होते. दडवण्यात शहाणपण आहे, हेच विद्यार्थी शिकतो.

वैयक्तिक सेवनासाठीचा अल्प साठा गुन्ह्याच्या कक्षेतून वगळावा, अशी शिफारस सामाजिक न्याय खात्याने २०२१मध्ये महसूल विभागाकडे केल्याचे वृत्त होते. कलम २७ आजही कायम आहे.