मोजणेच नको!

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १२ सप्टेंबर २०२५ रोजी मांडलेला प्रस्ताव सरकारी भाषेतून बाहेर काढला, की उरते ते इतकेच: किती हरितगृह वायू हवेत सोडला, हे उद्योगांनी यापुढे सरकारला सांगायची गरज नाही. सुमारे आठ हजार वीजकेंद्रे, कारखाने, खाणी आणि तेल-वायू प्रकल्प दरवर्षी हा हिशेब देत आले. त्यातील बहुतेकांना आता कायमची सुटी आणि तेल-वायू उद्योगाला २०३४ पर्यंत सूट मिळणार आहे. फेब्रुवारीत गळणाऱ्या मिथेनवरील शुल्काचे नियम संसदेने मोडीत काढले, जुलैमध्ये ते शुल्कच २०३४ वर ढकलले, आणि आता मोजमापच नको. उद्योगांचे २४० कोटी डॉलर वाचतील, हे समर्थन. दंड नको म्हणणाऱ्याशी निदान वाद तरी घालता येतो. पण मोजूच नका म्हणणाऱ्याला काहीतरी लपवायचे असते, आणि हे स्पष्टपणे म्हणायला हवे.

काय लपवायचे आहे, तेही आता गुपित राहिलेले नाही. मिथेन डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. मात्र वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. तो हवेत साधारण दशकभरच टिकतो, म्हणून त्याची गळती रोखण्याचा परिणाम आजच्या पिढीलाच दिसू शकतो. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशातील ठरावीक अवरक्त लहरी मिथेन शोषतो. उपग्रहावरील वर्णपटमापक नेमका तो गायब झालेला प्रकाश टिपतो आणि वायूचा लोट कोणत्या विहिरीतून निघाला तेही सांगू शकतो. कझाकस्तानच्या मंगिस्ताऊ प्रांतात ९ जून २०२३ रोजी एका विहिरीचा स्फोट झाला आणि पेटलेली आग वर्षअखेरीपर्यंत धुमसत राहिली. उपग्रहांनी तेथे मिथेनचे प्रचंड प्रमाण ११५ वेळा टिपले. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने सुमारे १ लाख २७ हजार टन वायू सुटला. विहिरीच्या मालक कंपनीने मात्र मोठी गळती झालीच नाही असे सांगितले आणि उपग्रहाने पाण्याची वाफ पाहिली असेल, असा तर्क लढवला. संशोधकांनी ती शक्यता तपासली आणि फेटाळली. उपग्रह नसते, तर कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे जगाच्या हाती काहीच नव्हते.

म्हणूनच मेथेनसॅट हा उपग्रह गमावल्याची हळहळ वाटते. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या संस्थेने ८.८ कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या आणि न्यूझीलंड सरकारची साथ लाभलेल्या या उपग्रहाचे प्रक्षेपण मार्च २०२४ मध्ये झाले. २० जून २०२५ रोजी त्याचा संपर्क तुटला, तो कायमचा. ही यंत्राची दुर्घटना होती. वॉशिंग्टनमध्ये घडते आहे ती दुर्घटना नव्हे, तो ठरवून घेतलेला निर्णय आहे.

उद्योग देत होते ते आकडे तरी कुठे खरे होते, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. हे हिशेब बरेचसे कागदावरचे असत: एवढ्या झडपा, एवढे पंप, प्रत्येकी सरासरी एवढी गळती. टाकीचे झाकण महिनाभर उघडे राहिले, तर ते या बेरजेत येतच नाही. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंडच्याच विमानाने २०२३ मध्ये अमेरिकेच्या बारा तेल-वायू क्षेत्रांवरून मोजमाप केले, तेव्हा उत्सर्जन सरकारी अंदाजाच्या चौपटीहून अधिक निघाले. हिशेब खोटा निघाला तर तो दुरुस्त करायचा असतो. वही फाडायची नसते. मे २०२४ मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन प्रत्यक्ष मोजमापाला जागा मिळालीही होती. उपग्रहाला ढगांआडचे दिसत नाही, समुद्रावर त्याला अडचण येते, लहान गळत्या निसटतात. या मर्यादा खऱ्या आहेत, आणि त्यामुळेच जमिनीवरची सक्तीची नोंद अधिक लागते.

वायू विकून पैसा मिळतो, तेव्हा कंपन्या स्वतःच गळती थांबवतील, हा दुसरा युक्तिवाद टेक्सासातच कोलमडतो. तेथील पर्मियन क्षेत्रात तेलाबरोबर निघणारा वायू वाहून न्यायला पुरेशा वाहिन्या नाहीत. २०२४ मध्ये वाहा या तेथील विक्रीकेंद्रातील वायूचा दर कितीतरी दिवस शून्याखाली होता, म्हणजे विकणाराच वर पैसे मोजत होता. ज्या मालाला किंमत नाही, तो सांभाळायला बाजार कुणाला भाग पाडणार? तेथे फक्त कायदाच भाग पाडू शकतो, आणि कायद्याचाच हात आता आखडता घेतला जातो आहे. इतर सरकारांचीही पाठ थोपटावी अशी स्थिती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने दोन वर्षांत उपग्रहांच्या आधारे गळतीचे सुमारे बाराशे इशारे सरकारांना आणि कंपन्यांना धाडले. त्यांतील जेमतेम एक टक्क्याला ठोस उत्तर आले, असे २०२४ च्या अहवालात नोंदले आहे.

हे सातासमुद्रापारचे दुखणे म्हणून आपल्याला झटकता येणार नाही. 'गेल' या आपल्या सरकारी वायू कंपनीने अमेरिकेतील सबीन पास येथून वायू घेण्याचा वीस वर्षांचा करार केला आणि त्याचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळला लागले. मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याच्या २०२१ च्या जागतिक प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही. भातशेती आणि गुरे यांवर कोट्यवधींचे पोट अवलंबून आहे, हे कारण समजण्याजोगे आहे. पण ते तेलविहिरींना लागू होत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने आयात वायूमागील मिथेनची माहिती आयातदारांकडून मागायला सुरुवात केली आहे. भारतही मोठा ग्राहक आहे, आणि अमेरिकेकडून अधिक इंधन घेण्याची बोलणी सुरू आहेत. विहिरीपासून जहाजापर्यंत किती वायू गळला याचे उपग्रहाने पडताळलेले मोजमाप प्रत्येक नव्या करारात अट म्हणून घातले पाहिजे, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने ते याच बोलण्यांत मागितले पाहिजे.